दर दोन तासांनी

सन १९१७ मध्ये सायलेशियातील कोनिग्सह्यूटे या खाणगावच्या इस्पितळात एक धिप्पाड खाणकामगार आणला गेला. त्याचा पाठीचा मणका मोडला होता आणि कमरेखालचे अंग निश्चेष्ट झाले होते. त्याला प्लॅस्टरमध्ये जखडून पडद्याआड ठेवण्यात आले. तेथे सेवकाचे काम करणारा एक कोवळा तरुण त्याची नोंद लिहू लागला, तेव्हा वडीलधाऱ्या डॉक्टरांनी त्याला थांबविले. जो काही आठवड्यांत जाणारच, त्याच्याविषयी लिहावयाचे कशाला? सुमारे पाच आठवड्यांनी तो कामगार मरण पावला. हा तरुण म्हणजे लुडविग गुटमन होय.

डॉक्टरांचा तो निवाडा काही नवा नव्हता. एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन इजिप्तच्या पपायरसातही मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रोग्याला असाध्य ठरविले आहे. परंतु असा रोगी बहुधा मरतो तो मोडलेल्या मणक्याने नव्हे. संवेदना गेलेल्या कातडीवर एकाच जागी भार पडून व्रण होतात, मूत्राशय तुंबून त्यात जंतू शिरतात आणि रक्त दूषित होते. म्हणजे मरणाचे कारण टाळता येण्याजोगे होते. टाळावयाचे कसे हे जाणणारी माणसे मात्र इस्पितळांत नव्हती.

पुढे ब्रेस्लाव येथे ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली गुटमन मज्जातंतूंचे शास्त्र शिकले. टाचणी आणि कापूस घेऊन संवेदना कोठे संपते ते पाहावयाचे, एकेका स्नायूचे बळ अजमावयाचे. घामाने जांभळी होणारी पूड अंगावर टाकून ती कोठे कोरडी राहते, हे पाहण्याची रीत त्यांनी स्वतः रूढ केली. ते ज्यू असल्यामुळे १९३३ साली नाझी राजवटीत त्यांची नोकरी गेली आणि १९३९ साली ते कुटुंबासह इंग्लंडला आले.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरीजवळील स्टोक मॅन्डेव्हिल येथे जायबंदी सैनिकांसाठी त्यांचा विभाग उघडला. तेथे त्यांनी कोणतेही नवे औषध आणले नाही. रोग्याची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलावयाची, एवढाच पहिला नियम! ऐकावयास तो क्षुल्लक वाटतो. पण तो पाळावयाचा म्हणजे तीन-चार जणांनी एकाच वेळी हात घालून, कणा न वळविता, रोग्याला उचलावयाचे, उशा नेमक्या जागी सारावयाच्या आणि कातडी कोठे लालसर झाली आहे काय ते पाहावयाचे. हे सेवकांना शिकवावे लागले आणि शिकविलेले टिकते की नाही हे पाहण्यासाठी गुटमन अपरात्री खोल्यांतून फिरत. मूत्राशयात नळी घालण्याचे काम त्यांनी आरंभी डॉक्टरांवरच सोपविले. निर्जंतुकपणात तसूभरही ढिलाई त्यांना चालत नसे. परिचारिकेचे किंवा सेवकाचे काम म्हणून वरिष्ठ ज्याला हात लावीत नसत, तेच येथे वैद्यकाचे मर्म ठरले. त्यांचा हा कडकपणा कित्येकांना जाचत असे, यात नवल नाही.

व्रण भरले की व्यायामशिक्षक पुढे होत. आधी तोल सांभाळून बसणे, मग दंड बळकट करणे, चाकांच्या खुर्चीत शिरणे. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिम्पिक सामन्यांचे उद्घाटन होत असतानाच स्टोक मॅन्डेव्हिलच्या हिरवळीवर १६ जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. निरनिराळ्या देशांचे डॉक्टर तेथे येऊन ही पद्धत शिकून जाऊ लागले.

भारतात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा निघाली आणि अवयवांना पुन्हा कामास लावण्याची विद्या पद्धतशीरपणे शिकविली जाऊ लागली. डॉक्टरांच्या पातळीवर हे कार्य वेलोर येथे रुजविले ते एका रुग्णानेच. तरुण डॉक्टर मेरी वर्गीस यांना १९५४ साली मोटार-अपघातात कमरेखाली लुळेपणा आला. त्यांनी खुर्चीत बसूनच महारोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्क येथे पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर वेलोरच्या त्या विभागाची सूत्रे हाती घेतली. १९६६ साली तेथे पुनर्वसनसंस्था उभी राहिली. नव्याने जायबंदी होऊन आलेल्या रोग्याला तपासावयास येणारी डॉक्टर स्वतःच चाकांच्या खुर्चीतून येत असे.