वऱ्हाडातील हिवाळी फुलांचा लागवडकाल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
समशीतोष्ण देशांत फुलझाडांचा लागवडकाल दव गोठण्याच्या तारखांवरून ठरतो. थंडी सोसणारी झाडे वसंतातील शेवटचे दव गोठण्यापूर्वी काही आठवडे लावतात. नाजूक झाडे त्यानंतर. अमरावतीच्या राजापेठेपासून अकोल्यापर्यंतच्या वऱ्हाडी सपाटीला हा निकष कितपत लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

परक्या निकषाचे आगमन
१८५३ च्या तहाने निजामाच्या ताब्यातील वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. इंग्रजी अमदानीत देशभरच्या छावण्या व बंगले यांच्या बागांत फ्लॉक्स, पॅन्सी, स्वीट पी ही विलायती फुले रुजली. त्यांच्याबरोबर ‘थंडीस काटक’ आणि ‘थंडीस नाजूक’ ही वर्गवारीही आली. फर्मिंजर यांचा १८६० च्या दशकातील प्रसिद्ध उद्यानग्रंथ बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठी होता. वऱ्हाडची काळी जमीन व कोरडा उन्हाळा हा त्याचा विषय नव्हता.

हवामानाची साक्ष
अमरावती येथील नोंदीत ९ फेब्रुवारी १८८७ रोजीचे ५.० अंश सेल्सिअस हे नीचांकी तापमान आढळते; २५ मे १९५४ रोजीचा उच्चांक ४९.१ अंशांचा आहे. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा नोंदीपेक्षा अधिक गार असते, हे खरे. तथापि दव गोठण्याची ठराविक तारीख या सपाटीला नाही. येथे काटक फुलांचा घात थंडी करीत नाही, फाल्गुन-चैत्राचे ऊन करते. उलट, थंड देशांत दव गोठताच करपणारा, मूळचा मेक्सिकोकडील झेंडू वऱ्हाडच्या हिवाळ्यात सुखाने फुलतो. मेळघाटातील चिखलदऱ्याची थंडी सपाटीहून अधिक. परंतु तीव्र हिम न सोसणाऱ्या कॉफीची लागवड तेथेही झाली.

देशी पंचांग
शेतकऱ्यांचा निकष वेगळा होता. सूर्य हस्त नक्षत्रात सुमारे २७ सप्टेंबरला व चित्रा नक्षत्रात १० ऑक्टोबरच्या सुमारास प्रवेश करतो. याच काळात पाऊस ओसरतो, जमिनीत ओल असते आणि रब्बीची पेरणी सुरू होते. हिवाळी हंगामी फुलांचे बी वाफ्यात टाकण्याचा काळही हाच. सुमारे चार आठवड्यांनी रोपे स्थलांतरित केल्यास पौष-माघात बहर मिळतो. शेवंतीची गोष्ट निराळी. तिच्या कळ्या रात्रीच्या वाढत्या लांबीने धरतात. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी लावलेली शेवंती कार्तिक-मार्गशीर्षात फुलते. दिनमान व फुलोरा यांचा हा संबंध गार्नर व अॅलार्ड यांनी १९२० मध्ये शास्त्रीय प्रयोगांनी मांडला. लागवडीच्या रूढीत तो आधीच मुरलेला होता.

निष्कर्ष
वऱ्हाडातील हिवाळी फुलांचा हंगाम पावसाची माघार आणि उन्हाची चाहूल यांच्यामध्ये बसलेला आहे. परतीचा पाऊस लांबला किंवा ऊन लवकर तापले, की तो दोन्ही बाजूंनी आखडतो. अशा वेळी बियाण्याच्या पाकिटावरील परदेशी तारखा निरुपयोगी ठरतात आणि केवळ नक्षत्रावर विसंबूनही भागत नाही. अकोल्यास १९६९ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ व परिसरातील महाविद्यालये यांनी पावसाच्या अखेरच्या व उष्णतेच्या आरंभीच्या तारखा वर्षानुवर्षे नोंदविल्यास वऱ्हाडला स्वतःचे विश्वसनीय पुष्प-पंचांग लाभेल. देशी कालगणनेचे मोल जाणून तिला आजच्या मोजमापाची जोड देणे, हाच या इतिहासाचा बोध होय.