प्रतीक्षेचा इतिहास : मंदगती संगणक आणि प्रणाली-सॉफ्टवेअरचे कंपायलेशन

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या वर्षी कोणता प्रोसेसर आला आणि तो सेकंदाला किती क्रिया करीत असे, याची कोष्टके बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळतात. त्या यंत्रासमोर माणसाने किती काळ वाट पाहिली, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. छोट्या आज्ञावलीचे कंपायलेशन जुन्या यंत्रांवरही बेताच्या वेळात होत असे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नेल, मूलभूत लायब्ररी आणि खुद्द कंपायलर यांची गोष्ट निराळी होती. मंदगती यंत्रांवर त्यांच्या कंपायलेशनला तासन् तास, प्रसंगी दिवस लागत.

या प्रतीक्षेकडे केवळ गैरसोय म्हणून पाहणे अपुरे आहे. तिच्यातून साधने निर्माण झाली, कामाच्या पद्धती ठरल्या, आणि पुढे एखादे यंत्र अधिकृत व्यवस्थेत राहील की बाहेर जाईल हे ठरविण्याचे ती एक मापही बनली. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा परामर्श घेतला आहे. डेबियन प्रकल्पातून मोटोरोला ६८००० कुळातील यंत्रे २००७ मध्ये वगळली गेली, त्या घटनेचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

पंच कार्डांची रांग

जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखालील गटाने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी तयार केलेला फोरट्रान कंपायलर १९५७ मध्ये वापरात आला. यंत्राचा वेळ अतिशय महाग असल्याने कंपायलरने निर्माण केलेली यंत्रभाषेतील आज्ञावली हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या तोडीची असावी, असा या गटाचा कटाक्ष होता. कंपायलरला स्वतःला किती वेळ लागतो हा प्रश्न तेव्हा दुय्यम मानला गेला.

भारतातील पहिल्या पिढीच्या संगणक-उपयोजकांनाही या प्रतीक्षेचा परिचय लवकरच झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा टिफ्रॅक संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथेच सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० बसविण्यात आले. या यंत्रावरील कार्डाधारित फोरट्रानची रीत आज विलक्षण वाटते. कंपायलर हाच मुळी कार्डांचा एक गठ्ठा असे. तो यंत्रात भरायचा, त्यामागून स्वतःच्या आज्ञावलीची कार्डे द्यायची, यंत्राने छिद्रे पाडून बाहेर टाकलेली मध्यंतरीची कार्डे गोळा करायची आणि कंपायलरच्या दुसऱ्या गठ्ठ्यामागून ती पुन्हा आत घालायची. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर कार्ड नव्याने पंच करून सारा क्रम पुन्हा पहिल्यापासून! साहजिकच आज्ञावली यंत्राकडे नेण्यापूर्वी ती कागदावर ओळीओळीने तपासण्याची शिस्त त्या पिढीच्या अंगी बाणली.

केवळ बदललेलेच कंपाइल करावे

१९७३ मध्ये युनिक्सचा कर्नेल सी भाषेत नव्याने लिहिला गेला. ऑपरेटिंग सिस्टिम उच्चस्तरीय भाषेत आल्यामुळे ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे शक्य झाले. त्याची किंमत म्हणजे तिचे वारंवार करावे लागणारे कंपायलेशन. आज्ञावली अनेक फाइलींत विभागलेली असे आणि एका फाइलीतील बदलाचा परिणाम इतर कोणत्या फाइलींवर होतो, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी माणसावर असे. सर्व फाइली पुन्हा कंपाइल कराव्यात तर वेळ फार जाई, आणि निवडक कराव्यात तर एखादी हमखास राहून जाई.

बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या ‘मेक’ या साधनाचा उगम या कोंडीत आहे. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करण्याचेच राहून गेल्याने एका सहकाऱ्याची संपूर्ण सकाळ नसलेला दोष शोधण्यात गेली, हे त्याचे निमित्त झाले. मेक प्रत्येक फाइलीच्या शेवटच्या बदलाची वेळ पाहते आणि आपल्या आधारफाइलीपेक्षा जुन्या असलेल्या फलितांचीच पुनर्निर्मिती करते. तत्त्व इतके साधे आहे की ते कोणालाही सुचावे असे वाटते. तरीही फेल्डमन यांना २००३ मध्ये या साधनासाठी एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार मिळाला, ही त्याच्या उपयुक्ततेची पुरेशी साक्ष होय. प्रतीक्षा अटळ असेल तर ती निदान अनावश्यक तरी असू नये, हा विचार येथून कामाच्या पद्धतीत रुजला.

घरगुती यंत्रावरील कर्नेल

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नेलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात सुमारे १०,००० ओळी होत्या. १९९४ मधील १.० आवृत्तीत ही संख्या सुमारे १,७६,००० झाली आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तीत ती सुमारे ५९ लाखांवर गेली. यांतील सर्वच ओळी एका यंत्रासाठी कंपाइल होत नाहीत, हे खरे. तरीही आपल्या यंत्राला लागणारे भाग निवडून कर्नेल स्वतः कंपाइल करणे ही १९९० च्या दशकातील लिनक्स-उपयोजकाची नेहमीची बाब होती आणि ८०३८६ प्रोसेसरच्या यंत्रावर तीत कित्येक तास जात.

या प्रतीक्षेचे खरे कारण अनेकदा प्रोसेसर नसून अपुरी स्मृती हे असे. लिनक्सच्या पहिल्याच वर्षातील एक प्रसंग येथे उद्बोधक आहे. जर्मनीतील एका उपयोजकाच्या यंत्रात केवळ २ मेगाबाइट स्मृती होती. जीसीसी हा कंपायलर तेवढ्या जागेत मावत नसल्याने त्यास कर्नेल कंपाइल करता येईना. टॉरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या यंत्रात ४ मेगाबाइट स्मृती होती, त्यामुळे ही अडचण त्यांची नव्हती. तरीही त्यांनी १९९१ च्या नाताळात स्मृतीतील पाने डिस्कवर हलविण्याची सोय लिहून काढली. ती जानेवारी १९९२ मधील ०.१२ आवृत्तीत आली आणि लिनक्सच्या प्रसाराला मोठी चालना देणारी ठरली. डिस्क ही स्मृतीपेक्षा कितीतरी मंद. म्हणजे या सुधारणेने प्रतीक्षा कमी झाली नाही, उलट लांबली. मात्र जे अशक्य होते ते प्रतीक्षेच्या मोबदल्यात शक्य झाले. गरीब यंत्राच्या धन्याला वाट पाहण्याचा हक्क मिळाला, असेही म्हणता येईल.

खुद्द जीसीसीचे कंपायलेशन ही त्याहून कठीण कसोटी होती. प्रचलित पद्धतीनुसार यंत्रावरील जुन्या कंपायलरने नवा कंपायलर तयार करायचा, त्या नव्याने स्वतःलाच पुन्हा कंपाइल करायचे, आणि त्यातून निघालेल्याने तिसऱ्यांदा. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचे फलित तंतोतंत जुळले तरच काम बिनचूक मानले जाई. अचूकतेच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. मंदगती यंत्रावर मात्र तिचा अर्थ तिप्पट प्रतीक्षा असा होतो.

डेबियन आणि मोटोरोला ६८००० कुळ

जीसीसीची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये आली तेव्हा ती व्हॅक्स आणि मोटोरोला ६८०२० या दोन प्रोसेसरांसाठी होती. हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण ज्या कुळाच्या अंगणात हा कंपायलर वाढला तेच कुळ पुढे त्याच्या वाढत्या भाराखाली मागे पडले.

ॲमिगा, अटारी व जुन्या मॅकिंटॉश यंत्रांसाठीची डेबियनची आवृत्ती प्रथम १९९८ मध्ये २.० या प्रकाशनात अधिकृतपणे समाविष्ट झाली. डेबियनच्या रीतीप्रमाणे प्रत्येक पॅकेज प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी त्या-त्या प्रकारच्या यंत्रावरच कंपाइल केले जाई. इंटेल यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या गतीबरोबर राहणे ६८००० गटाला हाताने अशक्य होते. म्हणून या गटातील स्वयंसेवकांनी एक स्वयंचलित व्यवस्था उभारली. कोणते पॅकेज कंपाइल व्हायचे आहे याची एक मध्यवर्ती नोंदवही असे. मोकळे यंत्र तीतून एक काम उचली, आपल्या नावावर नोंदवी, आणि कंपायलेशनचा अहवाल देखरेख करणाऱ्याकडे पाठवी. ही व्यवस्था इतकी उपयुक्त ठरली की पुढे डेबियनने ती इतर यंत्रप्रकारांसाठीही स्वीकारली. सर्वांत मंद यंत्रांच्या निकडीतून निघालेली युक्ती अशा रीतीने साऱ्या प्रकल्पाचा कणा बनली.

अडचण निर्माण झाली ती दुसऱ्या एका सुधारणेतून. डेबियनने २००० च्या अखेरीस ‘टेस्टिंग’ नावाची मधली पायरी सुरू केली. नवे पॅकेज अधिकृत यंत्रप्रकारांपैकी सर्वांवर कंपाइल झाल्याखेरीज या पायरीवर जात नसे. गुणवत्तेच्या दृष्टीने नियम योग्यच होता. परंतु त्यामुळे एका मंद यंत्राची प्रतीक्षा ही सर्वांची प्रतीक्षा झाली. जून २००५ मधील ३.१ या प्रकाशनात १५ हजारांहून अधिक पॅकेजे आणि ११ यंत्रप्रकार होते. सी++ भाषेतील मोठी पॅकेजे ५० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून कमी गतीच्या यंत्रांवर कित्येक दिवस चालत, आणि ती पुरी होण्याआधीच त्यांची पुढची आवृत्ती दाखल होई.

मार्च २००५ मध्ये व्हँकूवर येथे झालेल्या बैठकीनंतर प्रकाशन-व्यवस्थापकांनी काही निकष मांडले. त्यांतील एक असा, की येणाऱ्या पॅकेजांच्या ओघाबरोबर राहण्यासाठी कोणत्याही यंत्रप्रकारास दोनहून अधिक कंपायलेशन-यंत्रे लागता कामा नयेत. त्याखेरीज एक यंत्र राखीव असावे. या निकषाचा बारकाईने विचार करण्याजोगा आहे. ६८००० गटाने मंदगतीवर संख्येने मात केली होती. अनेक स्वयंसेवकांची यंत्रे मिळून तो भार वाहत होती. नव्या निकषाने नेमका हाच मार्ग बंद केला. व्यवस्थापकांची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. प्रत्येक जादा यंत्राची देखभाल करावी लागते, त्याच्या सुरक्षिततेची हमी द्यावी लागते, आणि सुरक्षाविषयक दुरुस्ती सर्व यंत्रांसाठी तयार होईपर्यंत ती खोळंबण्याची भीती असते. या प्रस्तावावर प्रकल्पात मोठा वादंग झाला. त्यात कंपायलरमधील ६८००० विषयक दोषांची भर पडली आणि एप्रिल २००७ मध्ये आलेले ४.० हे प्रकाशन या कुळाशिवाय प्रसिद्ध झाले. यंत्रप्रकारांची संख्या तेव्हाही ११ च होती. ६८००० च्या जागी ६४-बिटी एएमडी आले होते.

पर्यायी मार्ग

हा शेवट तंत्रदृष्ट्या अपरिहार्य होता काय? नेटबीएसडी प्रकल्पाचा अनुभव तसे सांगत नाही. या प्रकल्पाने २००२ मधील १.६ आवृत्तीपासून कोणत्याही वेगवान यंत्रावर दुसऱ्या कोणत्याही यंत्रप्रकारासाठी संपूर्ण मूळ प्रणाली कंपाइल करण्याची एकसंध सोय केली. परिणामी १९७० च्या दशकातील व्हॅक्स कुळासाठीची प्रणाली २०२४ मधील १०.० आवृत्तीतही उपलब्ध राहिली. डेबियनला हे तितकेसे सोपे नव्हते, हेही मान्य करावयास हवे. नेटबीएसडीची मूळ प्रणाली एका छत्राखालील एकच आज्ञावली-संच आहे. डेबियनची पॅकेजे हजारो निरनिराळ्या लेखकांची असून त्यांतील पुष्कळशी कंपायलेशनच्या आरंभी लहान चाचणी-आज्ञावली चालवून यंत्राची परीक्षा घेतात. परक्या यंत्रावर ही परीक्षा घेताच येत नाही. तेव्हा मंद यंत्र टिकणे न टिकणे हे त्याच्या वेगापेक्षा कंपायलेशनची व्यवस्था कशी रचली आहे यावर अधिक अवलंबून होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

६८००० कुळाची डेबियन आवृत्ती त्यानंतर नामशेष झाली नाही. अधिकृत प्रकाशनाबाहेर, अनौपचारिक यंत्रप्रकारांच्या संग्रहात स्वयंसेवकांनी ती चालू ठेवली. तिची पॅकेजे पुढे मुख्यतः वेगवान आधुनिक यंत्रांवर चालणाऱ्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीत, कंपाइल होऊ लागली. ही नक्कल मूळ ६८०६० प्रोसेसरपेक्षाही वेगवान असते, आणि तीत चाचणी-आज्ञावली आपण खऱ्या ६८००० यंत्रावरच आहोत असे समजून बिनतक्रार चालतात.