प्रवासापूर्वींचें वाचन

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली कीं, आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. कोंकणांत उतरावें कीं घाटमाथ्यावर राहावें, मुक्काम कोणाकडे करावा, बरोबर काय न्यावें, येथपासून परतीच्या तिकिटांपर्यंत सर्व गोष्टींचा खल होतो. एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. ज्या प्रांतांत आपण आठ दिवस काढणार त्याविषयीं आधीं काय वाचावें, हा प्रश्न कोणी काढीत नाहीं. कोणी काढलाच, तर हाताशीं येईल तें एखादें स्थलवर्णन चाळलें जातें. आणि त्यांत सांगितलेलीं देवळें व धबधबे पाहून झाले, म्हणजे तो प्रांत आपण पाहिला असें समजून आपण घरीं परततों.

या प्रश्नाचा विचार येरवड्यापासून सुरू करावा असें म्हटलें, तर वाचकांस प्रथम नवल वाटेल. येरवडा म्हटलें कीं पुणेकरांच्या डोळ्यांपुढें तुरुंग उभा राहतो. सहलीसाठीं तेथें कोणी जात नाहीं. परंतु मुळामुठेच्या पलीकडील या भागांत वाचनाचे दोन निरनिराळे धर्म शेजारीं शेजारीं पाळले गेले आहेत. एका ठिकाणीं ज्यांना कोठेंही जाण्याची मुभा नव्हती, त्यांनीं पुस्तकें वाचलीं. दुसऱ्या ठिकाणीं ज्यांना गांवोगांव हिंडावयाचें होतें, त्यांनीं वाचलीं.

पहिलें ठिकाण अर्थात् तुरुंग. १९२२ च्या मार्चांत सहा वर्षांची शिक्षा होऊन महात्मा गांधी येथें आले, आणि १९२४ च्या फेब्रुवारींत त्यांची सुटका झाली. या अवधींत त्यांनीं दीडशेंच्या आसपास पुस्तकें वाचलीं. त्यांत महाभारत होतें, गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास होता, गटेचें ‘फाउस्ट’ होतें. शिवाय उर्दू व तामीळ यांचा अभ्यासही होता. पुढें १९४२ पासून याच परिसरांतील आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतांना त्यांनीं कस्तुरबांना भूगोलाचे धडे दिले. ज्या दोघांना फाटकाबाहेर पाऊल टाकतां येत नव्हतें, तीं दोघें पृथ्वीवरील देशांची माहिती करून घेत बसत. कस्तुरबा त्या वाड्यांतून परत आल्या नाहींत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. जाण्याची आशा नसतांही जग जाणून घेण्याची इच्छा मनुष्यास किती असते, हें त्या धड्यांवरून दिसतें. आपल्याला तर जाण्याची मोकळीक आहे, आणि तरीही आपण न वाचतां जातों.

दुसरें ठिकाण डेक्कन कॉलेज. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत निघालेल्या संस्कृत पाठशाळेचा वंश सांगणारें हें कॉलेज १८६८ मध्यें येरवड्याच्या बाजूस नव्या इमारतींत आलें. टिळक व आगरकर येथलेच विद्यार्थी. १९३४ मध्यें सरकारनें कॉलेज बंद केलें. माजी विद्यार्थ्यांनीं नेटानें झगडा दिल्यावर १९३९ मध्यें तें संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झालें. त्याच सुमारास डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. इरावती कर्वे तेथें आल्या-आले, आणि पुढें दोघांनींही आयुष्यभर प्रांत पायांखालीं घातला. एकानें नद्यांच्या दरडी व पांढरीचीं टेकाडें तपासलीं. दुसरीनें माणसें, कुळें व नातीं तपासलीं.

परंतु या कॉलेजाचा आपल्या प्रश्नाशीं संबंध त्याहून जुना आहे. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखालीं मुंबई इलाख्याचें गॅझेटियर निघालें. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० मध्यें, कुलाब्याचा व नाशिकचा १८८३ मध्यें, अहमदनगरचा १८८४ मध्यें, आणि पुण्याचे तीन भाग १८८५ मध्यें, असे ते क्रमाक्रमानें आले. डेक्कन कॉलेजांत संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं दख्खनचा प्राचीन इतिहास १८८४ मध्यें लिहिला, तो याच गॅझेटियरसाठीं. कोणत्याही जिल्ह्यांत जाण्यापूर्वीं त्या जिल्ह्याचा खंड उघडावा, ही संवय अभ्यासकांस तेव्हांपासून लागली, आणि ती चांगली आहे. जमिनीचा पोत, पिकें, विहिरी, बाजार, जत्रा, घाट, बंदरें, जाती, धंदे, यांची इतकी बारीक माहिती दुसरीकडे एकत्र मिळत नाहीं.

तथापि हें पुस्तक कोणासाठीं लिहिलें गेलें, हें वाचकानें विसरतां कामा नये. एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत बदलून येणाऱ्या अंमलदारास राज्य चालवितां यावें, सारा वसूल करतां यावा, दुष्काळांत काय करावें हें कळावें, यासाठीं तें लिहिलें आहे. त्यांत रयतेचें वर्णन आहे, पण रयत स्वतः त्यांत बोलत नाहीं. केवळ तेवढेंच वाचून जो प्रवासास निघेल, तो नकळत मामलेदाराच्या डोळ्यांनीं गांवें पाहील.

याचें उत्तम प्रत्यंतर कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत मिळतें. पेण तालुक्यांतील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत गेले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, झांशीच्या वेढ्यांत राहिले, लुटले गेले, आणि गंगोदकाची कावड घेऊन गांवीं परतले. ही हकीकत त्यांनीं १८८३ मध्यें लिहिली. ज्या सालीं त्यांच्या जिल्ह्याचा सरकारी खंड छापून बाहेर पडला, त्याच सालीं त्या जिल्ह्यांतील एक भिक्षुक आपला प्रवास कागदावर उतरवीत होता! सरकारी खंड ताबडतोब कचेऱ्यांतून पोहोंचला. ‘माझा प्रवास’ सरकारी रोषाच्या भीतीनें पडून राहिला, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ मध्यें चिंतामण विनायक वैद्यांनीं तो प्रसिद्ध केला. पहिल्या पुस्तकांत पेण तालुक्याचें क्षेत्रफळ व सारा सांपडेल. त्या तालुक्यांतील कर्जबाजारी ब्राह्मण कुटुंबास हजारों कोस दूर कां जावें लागलें, हें मात्र दुसऱ्यांतच कळतें. कोंकणांत जाणाऱ्यानें एक वाचून दुसरें सोडलें, तर अर्धें कोंकण त्याच्या दृष्टीआड राहील.

आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे एकाच गांवाविषयीं त्या गांवीं राहून लिहिलेलें पुस्तक. न्यायखात्यांतून निवृत्त झाल्यावर बदलापुरास राहिलेल्या नारायण गोविंद चापेकरांनीं ‘आमचा गांव’ हा ग्रंथ १९३३ मध्यें काढला. असा ग्रंथ प्रत्येक गांवाच्या वांट्याला येत नाहीं. पण जेथें आहे तेथें त्याच्यासारखा वाटाड्या नाहीं.

आतां हे सर्व प्रकार एका ठिकाणीं जमलेले पाहावयाचे असतील, तर नेवाशाचें उदाहरण घ्यावें. पूर्वींच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं हें गांव आहे. मराठी कुटुंबें तेथें जातात तीं ज्ञानेश्वरीच्या ओढीनें. शके १२१२, म्हणजे १२९० सालीं हा ग्रंथ येथें पुरा झाला. ग्रंथाच्या शेवटीं यादव राजा रामचंद्र याचें नांव आहे, लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचा उल्लेख आहे. नेवाशाविषयींचें पहिलें पुस्तक हेंच. दुसरें १८८४ चा गॅझेटियर. त्यांत नेवासें हा एक तालुका आहे, आणि त्याची जमीन, पिकें व लोकसंख्या आहे. तिसरें पुस्तक येरवड्याहून आलें. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत येथें उत्खनन केलें, आणि १९६० मध्यें डेक्कन कॉलेजानें त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच्या नांवाचा अर्थच असा कीं, इतिहासाकडून प्रागितिहासाकडे.

त्या वृत्तान्तांत काय सांपडतें? मराठी व मुसलमानी अमदानीच्या थरांखालीं सातवाहनांचा काळ, त्याखालीं ताम्रपाषाण युगांतील वस्ती, आणि नदीच्या खडीच्या थरांत त्याहून कितीतरी प्राचीन माणसाचीं दगडी हत्यारें. ताम्रपाषाण युगांतील लोक आपलीं मृत मुलें मातीच्या कुंभांत घालून घराच्याच जमिनीखालीं पुरीत. एका लहान मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आंत ओवलेल्या धाग्याचे अवशेषही टिकून राहिले होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं प्रवरेच्या कांठीं कोणा आईनें ती माळ मुलाच्या गळ्यांत राहूं दिली. ज्ञानेश्वरीचा वाचक ज्या भूमीला हात लावून नमस्कार करतो, त्याच भूमीच्या पोटांत हें होतें. आणि १८८४ च्या अंमलदारास त्याची कल्पना असणेंही शक्य नव्हतें.

या तिहींपैकीं कोणतेंही पुस्तक खोटें नाहीं. प्रत्येकानें आपल्या हेतूपुरतें पाहिलें, आणि हेतूबाहेरचें सोडून दिलें. म्हणून प्रवासासाठीं पुस्तकें निवडतांना त्यांच्या संख्येपेक्षां त्यांच्या हेतूंकडे लक्ष द्यावें. ज्यांचा हेतु एकच आहे अशीं पांच पुस्तकें वाचलीं, तरी तीं एकाच पुस्तकासारखीं होतात. माझी सूचना साधी आहे. एक पुस्तक बाहेरून पाहणाऱ्याचें घ्यावें, म्हणजे गॅझेटियरसारखें. आज हे जुने खंड शासनाच्या दर्शनिका विभागामुळें घरबसल्या वाचतां येतात. एक त्या मातींतल्या माणसाचें घ्यावें. मग तें प्रवासवर्णन असो, आत्मचरित्र असो, कीं संतवाङ्मय असो. आणि एक अलीकडच्या संशोधनाचें घ्यावें, म्हणजे पहिल्या दोघांना जें दिसलें नाहीं त्याची जाणीव राहील. तिन्ही पुरीं वाचण्याची गरज नाहीं; ज्या गांवीं उतरावयाचें त्यापुरतीं पानें वाचलीं तरी पुष्कळ झालें.

मुलें बरोबर असतील तर हें काम त्यांच्यांत वांटून द्यावें. एकानें जुना बाजार कोणत्या वारीं भरत असे हें शोधावें, दुसऱ्यानें गांवांतील म्हाताऱ्यांस विचारून तो अजून भरतो का हें पाहावें. पुस्तकांत एक आणि गांवांत दुसरें असें आढळलें, म्हणजे मुलांचे डोळे कसे चमकतात, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला या सूचनेचें समर्थन करावें लागणार नाहीं. मधल्या काळांत काय घडलें, हा प्रश्न तेथून त्यांचा त्यांनाच पडतो.

यांत केवळ करमणुकीचा प्रश्न नाहीं. आपला प्रांत आपण दुसऱ्यांच्या हिशेबांतून ओळखावा कीं स्वतः, असा हा प्रश्न आहे. भांडारकरांनीं इंग्रज सरकारच्या ग्रंथासाठीं लिहितांनाही ताम्रपट व शिलालेख स्वतः तपासले, आणि सांकळियांनीं सर्व वाचून झाल्यावर हातांत कुदळ घेतली. आपल्याला कुदळ घ्यावयाची नाहीं. चार दिवस डोळे उघडे ठेवावयाचे आहेत. येत्या सुट्टींत तिकिटें काढण्याच्या दिवशींच घरांतील कोणीतरी एक ग्रंथालयांत जावें, आणि तीन पुस्तकें घेऊन यावें. तुरुंगांत बसून जग जाणणाऱ्यांच्या मानानें हा खर्च कांहींच नाहीं.