सुरांवर बेतलेला पाठलाग

'द कॅट कॉन्सर्टो' हा 'टॉम अँड जेरी' मालिकेतला सात-आठ मिनिटांचा रंगीत लघुपट एमजीएम स्टुडिओने २६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत आणला. निर्माता होता फ्रेड क्विम्बी, दिग्दर्शक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा. त्यांची ही जोडी १९४०च्या 'पुस गेट्स द बूट'पासून जमलेली. त्यात मांजराचे नाव मात्र जॅस्पर होते. बार्बेरा प्रसंग रेखाटून विनोदाच्या जागा शोधी, तर कुठली हालचाल किती चौकटींत बसवायची हा हिशेब हॅनाचा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, त्यामुळे चारदोन चौकटी इकडेतिकडे झाल्या तरी हशा हुकतो.

एरवी स्कॉट ब्रॅडली चित्रांच्या वेगाला अनुसरून संगीत रचत असे. इथे फ्रान्झ लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीचे वादन आधी ध्वनिमुद्रित करावे लागले आणि चित्रकारांना त्याच्या मागे जावे लागले. केनेथ म्यूज, एड बार्ज आणि अर्व्हेन स्पेन्स यांनी टॉमची बोटे सुरांबरहुकूम पट्ट्यांवर फिरवली. कथा एवढीशीच आहे: टॉम भर मैफलीत पियानो वाजवतो, आत हातोड्यांवर झोपलेला जेरी जागा होतो आणि सूड उगवतो. पण टॉमला वादन सोडता येत नाही. प्रेक्षकांसमोर अब्रू राखायची आणि उंदरालाही आवरायचे, या कोंडीतूनच सगळा विनोद निघतो. संवादाची गरज पडत नाही. मध्येच जेरी लिस्टला बाजूला सारून 'ऑन द ॲचिसन, टोपेका अँड द सँटा फे' ही त्या काळची लोकप्रिय चाल वाजवतो, हे तर ब्रॅडलीच्या खोडकरपणाला शोभणारेच.

वाद मात्र वेगळाच उद्भवला. वॉर्नर ब्रदर्सचा फ्रिझ फ्रेलेंग दिग्दर्शित 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' नोव्हेंबर १९४६मध्येच प्रदर्शित झाला होता. त्यातही तीच रचना, तसाच पियानो आणि आत लपलेला उंदीर. वादक तेवढा बग्ज बनी. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. ऑस्कर अखेर एमजीएमकडे गेले. मालिकेचे हे लागोपाठ चौथे ऑस्कर. त्या काळी कार्टूनपटाचे ऑस्कर निर्मात्याच्या नावे असे. त्यामुळे मूर्ती क्विम्बीकडे गेली, ज्यांनी हा पाठलाग रचला त्या हॅना-बार्बेरांकडे नाही.