पेशीची चूल आणि परतीची वाट

इन्सुलीतील एका घरी आजाऱ्याच्या समाचारास आम्ही गेलो असता घरच्या मंडळींनी एक रंगीत पत्रक पुढे केले. मूलपेशी टोचल्या की कर्करोग बरा होतो, असा त्याचा आशय होता. शेत गहाण टाकून पैसा उभा करावा काय, हा त्यांचा प्रश्न. आम्ही वैद्य नव्हे. तथापि या शोधांचा इतिहास पाहिला तर बरेचसे उत्तर मिळते.

आपल्या देहातील बहुतेक पेशींत तंतुकणिका असतात. १८९८ साली कार्ल बेंडा यांनी त्यांना ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव दिले. प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून शक्ती काढणारी ती पेशीची चूलच होय. १९२० नंतरच्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांना दिसले की, प्राणवायू मिळत असतानाही कर्कपेशी साखर आंबवूनच निर्वाह करतात. चूल बिघडल्याने कर्करोग होतो, असे त्यांनी मानले. पुढे कळले की, अनेक कर्करोगांत चूल पेटलेलीच असते. नव्या पेशी बांधण्याचे साहित्य पुरविण्याकडे तिचा वापर वळलेला असतो.

आपल्याकडे १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी तेथे रुग्णसेवा केली. तेथील रस्त्याला त्यांचेच नाव आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. देहाबाहेर पेशी वाढवून अभ्यासण्याची विद्या अशी आपल्या भूमीत रुजली.

याच विद्येच्या बळावर २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी चार जनुके घालून उंदराच्या प्रौढ पेशींना मूलपेशींचे रूप दिले. २००७ साली मानवी पेशींनाही. भ्रूणाचा जीव न घेता मूलपेशी मिळू लागल्या, हा आम्हां श्रद्धावंतांस मोठाच दिलासा होता. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु परतीच्या या वाटेवर पेशीची चूलही पालटते. तंतुकणिका आखूड व गोलसर होतात आणि पेशी साखर आंबवू लागते, अगदी कर्कपेशीसारखी. त्या चार जनुकांपैकी एक तर कर्करोगाशी निगडित म्हणून आधीपासूनच ठाऊक होते. २०१४ साली जपानमध्ये अशा पेशींपासून बनविलेला पडदा एका रुग्णाच्या डोळ्यात बसविण्यात आला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळताच शास्त्रज्ञांनी हात आवरला. जाणते जेथे थबकतात, तेथे पत्रकवाल्यांनी हमी द्यावी?

रक्ताच्या काही रोगांत, त्यांत काही रक्तकर्कही आले, मूलपेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. इतरत्र तो केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणून त्या कुटुंबास आम्ही म्हणालो, “शेत राखा, कागदपत्रे घ्या आणि परळची गाडी धरा.”

आशा ही ईश्वराची देणगी. तिचा बाजार होऊ देऊ नये.