दहा संघांचा तक्ता

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या येतात. मीही वर्षानुवर्षे फळ्यावर तेच लिहिले. पण निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो, आणि मग लक्षात येते की क्रीडापानावरचा गुणतक्ता हेसुद्धा इतिहासाचे एक साधनच आहे. तो ताम्रपटासारखा वाचावा लागतो. यात नावे कोणाची आहेत? ती कुठून आली? पुढे त्यांचे काय झाले?

आज असाच एक तक्ता तुमच्यासमोर ठेवतो. भारतीय फुटबॉलच्या आय-लीगचा, हंगाम २००७-०८ चा.

पहूरच्या माणसाला फुटबॉलचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमचा खानदेश कुस्तीचा, कबड्डीचा. शाळेत फुटबॉल असे तो एकच, आणि तोही पावसाळ्यात चिखल तुडवायला. पण आज एसटी स्टँडवर उभे राहिले की दहातल्या दोन पोरांच्या अंगात परदेशी क्लबांचे रंगीत बनियन दिसतात. बार्सिलोनाचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. आपल्या शेजारच्या गोव्यातला एक क्लब एकेकाळी देशात पहिला आला आणि आशिया खंडाच्या स्पर्धेत शेवटच्या चार संघांत पोहोचला, हे मात्र त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. म्हणून हे लिहिणे.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली होती. तिचीच नवी आवृत्ती म्हणजे आय-लीग. पहिल्या वर्षी तिच्यात दहा संघ होते. गोव्याचे चार : धेंपो, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि साळगावकर. मुंबईचे दोन : महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया. कोलकात्याचे दोन : मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. पंजाबचा जेसीटी आणि केरळचा व्हिवा केरळ. म्हणजे देशातल्या दहा अव्वल संघांपैकी सहा मुंबई आणि गोवा या आपल्या किनारपट्टीवरचे! मराठी माणसाने छाती फुगवावी असा हा आकडा. पण तेव्हा आपण क्रिकेटमध्ये दंग होतो. २००७ च्या सप्टेंबरमध्ये धोनीच्या संघाने ट्वेंटी-२० विश्वचषक आणला होता आणि आय-लीग सुरू झाली ती नोव्हेंबरात. तिच्याकडे कोण बघणार?

गोव्याचे चार संघ का, याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी, १८८३ मध्ये, शिवोली गावात. चर्चच्या अंगणातून तो वाड्यावाड्यांत गेला. धान कापून झाले की मोकळ्या शेतात खेळ सुरू. पुढे या खेळाला खाणमालकांचा आश्रय मिळाला. लोहखनिजाच्या धंद्यातील धेंपो आणि साळगावकर या घराण्यांनी क्लब पोसले, खेळाडूंना पगार दिला, बाहेरून चांगले खेळाडू आणले. राजाश्रयावर गाणे वाढावे तसा हा खेळ वाढला.

धेंपो क्लबची खरी चढती कमान आर्मांदो कुलासो या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या काळातली. २००० ते २०१३ अशी सुमारे तेरा वर्षे त्यांनी संघ सांभाळला आणि पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवून दिले : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. २०२४ सालच्या पुरस्कारांत त्यांना जीवनगौरव गटातला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. उशिरा का होईना, पण मिळाला.

या यशाला एका मृत्यूची किनार आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोकडून क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा तरुण खेळत होता. धेंपोचे दोन्ही गोल त्याने केले. दुसरा गोल करताना प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो मैदानात कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपोने सामना २-० असा जिंकला, पण चषक हातात घेताना आनंद कसला? क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्याच हंगामात धेंपो पहिल्यांदा राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. आज गावोगावच्या पोरांच्या पाठीवर मेस्सीचा १० नंबर दिसतो तेव्हा मला हा दुसरा १० नंबर आठवतो.

आता २००७-०८ च्या हंगामाकडे येऊ. संघाचा कणा गोव्याचाच होता. महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, अँथनी परेरा. ही नावे एका दमात वाचून पाहा. गवळी-नाईकांच्या शेजारी मिरांडा आणि परेरा. गोव्याचा सारा सामाजिक इतिहास अकरा जणांच्या यादीत मावतो! गोलरक्षक अभिजित मंडल बंगालचा. पुढच्या फळीत नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, आणि चेंडू पुरवायला ब्राझीलचा बेटो.

प्रत्येक संघाला १८ सामने खेळायचे होते. चर्चिल ब्रदर्सकडे ओडाफा ओकोली होता. त्याने एकट्याने २२ गोल केले. अखेरीस धेंपो आणि चर्चिल या दोन्ही शेजाऱ्यांचे गुण झाले ३६-३६. काटा धेंपोकडे झुकला. आणि त्याच तक्त्याच्या तळाशी, खालच्या श्रेणीत ढकलले गेलेले दोन संघ होते व्हिवा केरळ आणि गोव्याचाच साळगावकर. एकाच छोट्या राज्यात वरची दोन घरे दिवाळी साजरी करीत होती आणि तिसऱ्या घरात अंधार होता. साळगावकरने मात्र हाय खाल्ली नाही. तो परत वर आला आणि २०१०-११ मध्ये देशाचा विजेताही झाला.

देशातली लढाई संपली तसा आशियाचा प्रवास सुरू झाला. आदल्या वर्षीच्या विजेतेपदामुळे धेंपोला २००८ च्या एएफसी कपमध्ये प्रवेश मिळाला होता. ही स्पर्धा २००४ पासूनची. त्याआधी ईस्ट बंगाल (२००४) आणि आपला महिंद्र युनायटेड (२००७) उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले होते. धेंपोने गटसाखळी पार केली, उपांत्यपूर्व फेरीत सिंगापूरच्या होम युनायटेडला हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. भारतीय क्लबने ती पायरी चढण्याची ही पहिलीच वेळ. तिथे लेबनॉनच्या सफा क्लबने त्यांना रोखले. चषक शेवटी बहारीनच्या अल-मुहर्रकने नेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताने दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१ असे हरवून एएफसी चॅलेंज कप जिंकला. त्या राष्ट्रीय संघातही धेंपोचे खेळाडू होते.

इथे मला एक परदेशी दाखला द्यावासा वाटतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा सेल्टिक हा क्लब. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या गरिबांच्या मदतीला पैसा उभा राहावा म्हणून ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूने १८८७ मध्ये तो काढला. १९६६-६७ च्या हंगामात जॉक स्टीन यांच्या या संघाने भाग घेतलेली प्रत्येक स्पर्धा जिंकली, देशातली आणि युरोपची. २५ मे १९६७ रोजी युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी इटलीच्या इंटर मिलानला २-१ असे हरवले. गंमत अशी, की तो सामना लिस्बनला झाला, जिथून १९६१ पर्यंत गोव्यावर राज्य चालत होते. त्या संघातले सगळे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आतबाहेर जन्मलेले. पहूरहून निघून जळगावच्या थोडे पुढे जावे, एवढ्याच परिघातल्या पोरांनी युरोप जिंकला!

धेंपोचा २००८ सालचा संघ या जातकुळीतला होता, असे मी म्हणतो. पराक्रम लहान असेल, पण माती तशीच होती. फरक पडला तो पुढे.

१९९४ मध्ये सेल्टिकचे दिवाळे निघायची वेळ आली होती. फर्गस मॅक्कॅन यांनी क्लब हाती घेतला आणि त्याचे समभाग सामान्य चाहत्यांपुढे ठेवले. हजारो चाहत्यांनी खिशाला चाट लावून ते घेतले. क्लब तगला.

आणि आपला तक्ता? पुन्हा वाचू या. महिंद्र युनायटेड १९६२ पासूनचा संघ. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन कप दोन्ही जिंकले आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. केरळचा संघ नाव बदलून २०१२ पर्यंत टिकला. एअर इंडियाला २०१३ मध्ये परवान्याच्या अटींवरून वगळले गेले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि जुन्या लीगला दुय्यम स्थान देण्याच्या हालचाली सुरू झाल्या. त्याच्या निषेधार्थ २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. चर्चिल २०१४ मध्ये बाहेर गेला, २०१७ मध्ये परतला. दहा वर्षांच्या आत दहांतली सात नावे पुसली गेली. न तुटता टिकले ते कोलकात्याचे दोन क्लब.

कारणे प्रत्येकाची निराळी आहेत. कुठे कंपनीचे धोरण, कुठे महासंघाचा निर्णय. धेंपो घराण्याने तर खाणीचा धंदा २००९ मध्येच विकला होता, तरी क्लब त्यानंतरही दोनदा देशात पहिला आला. तेव्हा सगळा दोष आश्रयदात्यांना देणे कृतघ्नपणाचे ठरेल. त्यांनी दिले म्हणून तर हे संघ उभे राहिले. पण एक धागा मला स्पष्ट दिसतो. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. त्यांना सभासद आहेत, निवडणुका आहेत, भांडणे आहेत. पैसेवाले भागीदार आले नि गेले, तरी क्लब कोणा एकाला मिटवता येत नाही. तसे केले तर कोलकाता रस्त्यावर येईल. महिंद्र युनायटेड बंद झाला तेव्हा कूपरेज मैदानावरचे नेहमीचे प्रेक्षक सोडले तर मुंबईत किती जणांना चुटपुट लागली?

आमच्याकडची पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आमची पीजे, २०२० मध्ये कोरोनाच्या काळात थांबली. रेल्वे सरकारची, पण हळहळ पंचक्रोशीची. कारण पिढ्यान्‌पिढ्या पहूर-शेंदुर्णीची माणसे तिच्यातून शाळेला, बाजाराला, सासरी गेली होती. यात्रेतल्या कुस्त्यांचेही तसेच. पाहुणे इनाम देतात तर उत्तमच, पण आखाडा गावाच्या वर्गणीवर उभा असतो. एका वर्षी मोठा देणगीदार आला नाही म्हणून कुस्त्या बंद पडल्या, असे होत नाही. नारळावरची का होईना, कुस्ती लागते.

एक चांगली बातमी सांगून थांबतो. धेंपो क्लब संपला नव्हता. गोव्याच्या मैदानांवर तो तरुण पोरांना घेऊन खेळत राहिला. २०२३-२४ मध्ये खालच्या श्रेणीतून वर चढून २०२४-२५ चा हंगाम तो पुन्हा आय-लीगमध्ये खेळला. प्रशिक्षक होते समीर नाईक, २००८ च्या संघातले तेच. घरची पोरे घरचाच गुरू शिकवतो आहे.

मुंबईकडून मात्र त्या तक्त्यातले कोणीच परतले नाही.