जगायला गेलेली माणसे

माणदेशात एक बोल आहे, ‘जगायला जाणे’. पाऊस गेला, विहिरी आटल्या, वैरण संपली की माणूस घराला कडी घालतो आणि बायकामुले, उरलेली दोन ढोरे घेऊन निघतो. कोणी विचारले तर ‘जगायला चाललो’ एवढेच सांगतो. मायबाप वाचकहो, आपण वारीला निघतो तेव्हा मागे घर राखायला कोणीतरी असते, आणि एकादशी-द्वादशी झाली की परतायचे असते. जगायला निघालेल्याला परतीची तिथी नसते. वाट मात्र पुष्कळदा आपलीच असते.

माणगंगा सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात उगम पावते, म्हसवडवरून सांगलीच्या आटपाडीत शिरते आणि सांगोल्याकडून पुढे जाऊन पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. तिच्या कोरड्या पात्राच्या कडेने चालत राहिले की मंगळवेढ्याचा मुलूख लागतो. तिथे दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे कोठार सांभाळत होते.

ही कथा महिपतीबुवांनी भक्तविजयात सांगितली आहे आणि ती आपल्याला पाठ आहे. पण कीर्तनात ती बहुधा बेदरच्या दरबारात रंगते. विठू महार झालेला देव, मोहरांची थैली, बादशहाचा विस्मय, यांतच टाळकरी डोलतात. कोठारापाशी कथा फार थांबत नाही. मला ते कोठार मोठे वाटते. पंढरपूरचा ब्राह्मण पंतांच्या घरी ताटावर बसला आणि घरची उपाशी पोरे आठवून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. कथा त्या एका ताटापासून सुरू होते. मग पंतांनी कोठार उघडले. आलेल्याला कुठला, कोणाचा, किती दिवस राहणार, असे विचारल्याचे कथेत कुठे नाही. देव धावून आला तो या न विचारण्यासाठी, असे माझे मत आहे.

१८७६ ते ७८चा दुष्काळ इंग्रजी अमलातला. सरकारने दुष्काळी कामे काढली. म्हसवडजवळचा राजेवाडीचा मोठा तलाव हे त्यांतलेच एक काम. आज त्या पाण्यावर भिजणाऱ्या शिवारात उभे राहिले, तर खालची माती उपाशी माणसांनी वाहिलेली आहे हे ध्यानात येत नाही. त्याच दुष्काळात, १८७७ साली, सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला. जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, म्हणजे याच कोरड्या पट्ट्यातले. त्यांचे आणि आपल्या संप्रदायाचे सगळेच जमले नाही. पण उपाशी पोरापुढे ताट ठेवण्याच्या बाबतीत ते आणि दामाजीपंत एका पंक्तीचे.

ताट ठेवणे झाले. पण माणसाला गावच सोडावे लागू नये, हा विचार पुढे सांगलीच्याच मातीतून आला. तासगाव तालुक्यातले विठ्ठल सखाराम पागे विधान परिषदेचे सभापती होते, आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक. मागेल त्याला त्याच्याच परिसरात काम, ही कल्पना त्यांची. १९६५च्या सुमारास ती तासगाव तालुक्यात प्रथम करून पाहिली गेली. १९७२च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी यांवर राज्यभर लाखो हात लागले. सुकडी आणि मिलो खाल्लेले लोक अजून आपल्या दिंड्यांत आहेत, त्यांना विचारा. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. कोठाराची किल्ली कायद्यात आली, असे मी म्हणेन. तरी माणसे गेलीच. खानापूर-आटपाडीकडची घरेच्या घरे सोन्याचांदीच्या गलाईच्या कामाला देशभर पांगली. त्यांतली काही सुखी झाली. सगळी नव्हे.

हे झाले पाणी नसल्याचे. आता पाणी असल्याचे पाहा. येरळा खटावात उगम पावते. तीही दुष्काळी मुलखाची नदी, वर्षातून बहुतेक महिने वाळूची. ती पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी, जिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी, तिथे पाणी ५७ फुटांवर गेले. त्या वर्षीची आषाढी १२ जुलैला होती. वारी करून आलेल्यांना महिनाही घरी मिळाला नाही. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमधून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि गावातली माणसे गावाच्याच पाण्यात गेली.

पाटण तालुक्याचे दुःख निराळे. कोयनेच्या धरणाने तिथली गावे उठली, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने घरे पाडली. २०२१ची आषाढी २० जुलैची. करोनामुळे पालख्या एसटीने गेल्या, पायी वारी नव्हतीच. घरी एकादशी करून लोकांनी द्वादशीला उपवास सोडला, आणि २२च्या रात्री आंबेघर, मिरगाव या गावांवर डोंगर खचला. जी वाचली त्यांना गाव सोडावे लागले.

पूरग्रस्ताला शाळेत जागा मिळते, चार दिवस भातही मिळतो. पाचव्या दिवशी लोक विचारू लागतात, अजून इथेच का? दामाजीपंतांच्या कोठारापाशी हा प्रश्न नव्हता. माउलींची पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरडला मुक्काम करते. तिथे पंक्ती उठतात, अन्न कमी पडत नाही. त्या वाटेपासून माण काही कोसांवर आहे.

दिंडीचालकांना एक विनंती आहे. वहीत वारकऱ्याचे नाव आणि गाव लिहिण्याची आपली चाल आहे. मिरगावचा, ब्रह्मनाळचा किंवा माणातून पांगलेला कोणी नाव घालायला आला आणि गाव सांगताना अडखळला, तर त्याचे जुनेच गाव लिहावे. सध्या कुठे राहतो ते त्याखाली लिहावे, म्हणजे वारी संपल्यावर कोणीतरी तिथे जाऊन विचारपूस करू शकेल.